बंदुकीचा नाद आणि शस्त्रबंदीचा इतिहास: शस्त्र कोणाच्या हाती असावं?

अमडापूर असो, चिखली असो की खामगाव, आपल्या वस्त्यांतल्या तरुण पोरांचे मोबाइल उघडून बघा. कुणाच्या स्टेटसला पिस्तूल आहे, कुणाच्या रीलमध्ये रायफलचा आवाज आहे. कुणाला बंदुकांची मॉडेलं, त्यांची कॅलिबर, कोणत्या देशाचं सैन्य कोणती रायफल वापरतं हे सगळं तोंडपाठ आहे. वाढदिवसाला तलवारीने केक कापायची फॅशन तर जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचली.

यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया येतात. एक प्रस्थापितांची: "ही पोरं वाया गेली, गुंडगिरीकडे वळली." दुसरी आपल्याच काही कार्यकर्त्यांची: "अत्याचार थांबत नाहीत, पोलीस येत नाहीत, मग आमच्या हातात शस्त्र का नको? अमेरिकेत आहे ना तो हक्क!" पहिली प्रतिक्रिया आपला इतिहास माहीत नसल्यामुळे येते. दुसरी बाबासाहेबांनी या प्रश्नावर घेतलेली भूमिका माहीत नसल्यामुळे येते. म्हणून दोन्ही नीट मांडू.

मित्रांनो, बंदुकीची आवड असणं हा गुन्हा नाही. ज्या समाजाच्या हातातून ठरवून शस्त्र काढून घेतलं गेलं, त्या समाजातल्या पोराला शस्त्राचं आकर्षण वाटणं यात नवल काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या आकर्षणाचं आपण काय करणार.

शस्त्रबंदी ही जातीची पहिली अट

चातुर्वर्ण्यात कामांची वाटणी आहे असं आपल्याला शिकवलं जातं. प्रत्यक्षात ती साधनांची वाटणी होती. ज्ञान एकाकडे, शस्त्र दुसऱ्याकडे, संपत्ती तिसऱ्याकडे आणि चौथ्याच्या वाट्याला फक्त सेवा. पाचवा तर हिशोबातच नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धर्मावर संकट आलं तर शस्त्र उचलायची मुभा दिली आहे, पण ती द्विजांना. शूद्र आणि अतिशूद्र त्यात नाहीत.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात नेमका हाच प्रश्न विचारला. जगात इतरत्र सामाजिक क्रांत्या झाल्या, मग भारतात का झाली नाही? त्यांचं उत्तर असं की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला शस्त्रही धरू दिलं नाही आणि शिकूही दिलं नाही. बंड करायला लागतं ते सगळं काढून घेतलं. युरोपातला दुबळा माणूसही शोषित होता, पण त्याला सैन्यात जायची मोकळीक होती, राजकीय साधन होतं, शिक्षण होतं. शारीरिक, राजकीय आणि नैतिक अशी तिन्ही शस्त्रं त्याच्याकडे होती. आपल्याकडची तिन्ही हिरावली गेली. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी शस्त्राचा विचार कधीच एकटा केला नाही. शिक्षण आणि सत्ता यांच्याबरोबरच केला.

गावगाड्याने महाराच्या हाती काठी दिली होती. वेशीची राखण, चोराचा माग, सरकारी वसुलीची सोबत ही सगळी जोखमीची कामं. शिवकाळात किल्ल्यांच्या घेऱ्याची राखण महार, रामोशी, बेरड यांच्याकडे होती. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईतल्या शिदनाक महाराची आठवण आजही सांगितली जाते. म्हणजे जीव धोक्यात घालायची वेळ आली की महार चालत होता. इज्जतीची, जमिनीची आणि पदाची वेळ आली की चालत नव्हता.

कंपनीची बंदूक

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महारांची मोठी भरती झाली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली जी तुकडी दिवसभर लढली, तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. विजयस्तंभावर कोरलेली 'नाक' शेवट असलेली नावं त्याची साक्ष देतात. त्या लढाईत इतर जातिधर्मांचेही शिपाई होते, हे नाकारायची गरज नाही. आपला मुद्दा त्याने कमी होत नाही. ज्या माणसाला पुण्याच्या रस्त्यावर थुंकायलाही मज्जाव होता, त्याचं नाव दगडावर कोरलं गेलं. ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

पण सैन्याने फक्त बंदूक दिली नाही. पगार दिला, पेन्शन दिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळा दिली. लष्करी छावणीतल्या शाळेत शिपायांची मुलंमुली शिकली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला तोही महूच्या छावणीत. गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. आपल्या चळवळीची पहिली लेखणी पेन्शनर सैनिकाच्या हातातली होती, हे आजच्या बंदूकवेड्या पोरांनी विसरू नये.

एकाच शतकात दोनदा निःशस्त्र

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज घाबरले. आधी जनतेची शस्त्रं काढून घ्यायचे तात्पुरते कायदे झाले आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यार कायदा आला. भारतीयांना परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट मिळाली. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. तो राग रास्तच होता. एका वंशाच्या माणसाला सूट आणि दुसऱ्याला बंदी हा अपमानच आहे.

पण त्याच सुमाराला आपल्यावर दुसरी शस्त्रबंदी आली आणि तिच्याविरुद्ध त्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला नाही. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जमाती' नावाची भाकडकथा सैन्याचं धोरण बनली. काही जाती जन्मतः शूर आणि काही जन्मतः निरुपयोगी, असा तो सिद्धांत. म्हणजे मनूचीच गोष्ट, फक्त इंग्रजी गणवेशात. १८९२ च्या सुमारास पलटणी जातवार बांधायला सुरुवात झाली आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर होती, त्यांना पंचाहत्तर वर्षांतच 'लढाऊ नाही' म्हणून परत पाठवलं.

याचा फटका फक्त अभिमानाला बसला नाही. पगार गेला, पेन्शन गेलं आणि पोरांची शाळा गेली. एका पिढीने छावणीत जे कमावलं, ते पुढच्या पिढीच्या हातून निसटायला लागलं.

तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केलं? त्यांना बंदूक चालवता येत होती. लढाया पाहिलेले, जखमा झेललेले लोक होते ते. त्यांनी अर्ज लिहिला. वलंगकरांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध निवेदन तयार केलं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. मागणी साधी होती: आम्हाला सैन्यात आणि पोलिसात घ्या, आमच्या मुलांना शाळा द्या. या माणसांना शस्त्र हवं होतं, पण ते लपवून ठेवायला नको होतं. ते हक्काने, गणवेशात, समान माणूस म्हणून हवं होतं.

पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली तसं इंग्रजांना शहाणपण सुचलं. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडली. वापरा आणि फेका.

महाड: हात का आवरला?

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं. सनातन्यांनी अफवा उठवली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परत निघालेल्या, जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर काठ्या घेऊन हल्ला झाला. बायकामुलंही सुटली नाहीत.

त्या गर्दीत कितीतरी माजी सैनिक होते. महायुद्ध पाहून आलेली माणसं. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होती. तो शब्द मिळाला असता तर महाडच्या रस्त्यावर काय झालं असतं, हे सांगायला नको. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. कायद्याने लढायचं ठरलं, खटले झाले आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाली.

हा भेकडपणा होता का? मुळीच नाही. ज्याला लढता येत नाही त्याने गप्प बसणं वेगळं आणि ज्याला लढता येतं त्याने शिस्तीने थांबणं वेगळं. महाडनंतर उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलात हीच शिस्त होती. सभेचं संरक्षण करायचं, बायकामुलांना वाट करून द्यायची, हल्ला आला तर छातीने अडवायचा. 'सैनिक' हा शब्द बाबासाहेबांनी मुद्दाम ठेवला. पण त्या सैनिकाची ओळख होती कवायत, गणवेश आणि आज्ञापालन. कमरेला लपवलेला गावठी कट्टा ही त्याची ओळख कधीच नव्हती.

कामठीची मशीनगन

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण समितीवर आले. महारांची स्वतंत्र पलटण उभी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि तरुणांना सैन्यात जाण्याचं आवाहन केलं. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली बटालियन बेळगावला आणि दुसरी कामठीला, म्हणजे आपल्या विदर्भात. १९४६ मध्ये तिचं मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं. 'यश सिद्धी' हे तिचं ब्रीद. तिच्या बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगन आली.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. १८९२ ला ज्यांना 'लढाऊ नाही' म्हटलं, त्यांच्या हाती ५४ वर्षांनी त्या काळातलं एक प्रभावी स्वयंचलित शस्त्र आलं. पुढे या रेजिमेंटमध्ये सगळ्या प्रांतांतले जवान आले. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, परमवीर चक्र, हेही महार रेजिमेंटचे. 'लढाऊ जमात' नावाच्या खोट्या सिद्धांताला याहून मोठं उत्तर नाही.

संविधान सभेतला बंदुकीचा वाद

आता मुख्य मुद्दा. "अमेरिकेसारखा शस्त्राचा हक्क आपल्या संविधानात का नाही?" हा प्रश्न आजच्या पोरांनी पहिल्यांदा विचारलेला नाही. तो डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात संविधान सभेत विचारला गेला होता. विचारणारे होते ह. वि. कामत, तेही मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे आपलं अमडापूर तेव्हा ज्या प्रांतात होतं त्याच प्रांतातून निवडून गेलेले सभासद. शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. आधार दिला तो काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाचा. त्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता.

बाबासाहेबांनी उत्तर दिलं. त्यातले तीन मुद्दे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत.

पहिला: काँग्रेसने ही मागणी केली तेव्हा परकीय सरकारने सगळ्या जनतेला निःशस्त्र केलं होतं. ती परिस्थिती आता उरली नाही.

दुसरा: स्वतंत्र देशात शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा. युद्ध आलं, देशाची सुरक्षा धोक्यात आली, तर राज्य प्रत्येक नागरिकाला संरक्षणासाठी बोलावू शकलं पाहिजे.

तिसरा: ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवी ती हत्यारं विकत घ्यावीत असा हक्क दिला, तर राज्य कारभार चालवणार कसा?

कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. बाबासाहेबांनी ज्या कर्तव्याचा उल्लेख केला, त्याची तरतूद आज अनुच्छेद २३ च्या दुसऱ्या खंडात आहे. तिथे राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, पण धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येत नाही. यात किती मोठी गोष्ट आहे बघा. मनूने जातीवरून शस्त्र दिलं. रॉबर्ट्सने जातीवरून शस्त्र काढून घेतलं. बाबासाहेबांच्या संविधानात देशाने हाक दिली तर जात विचारायचीच नाही. आणि अनुच्छेद १९ मध्ये सभा भरवण्याचा जो हक्क आहे, तो 'शांततेने व विनाशस्त्र' सभेचा आहे. आपली प्रत्येक जयंती, प्रत्येक मोर्चा याच हक्कावर उभा आहे.

हक्क सगळ्यांना, बंदूक कोणाला?

"पण साहेब, पोलीस वेळेवर येत नाहीत. खैरलांजीत कोण आलं?" हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावाने मारली. राज्याने आपल्याला वाचवलं नाही, ही जखम अजून ओली आहे.

तरीही विचार करा. उद्या सगळ्यांना बंदूक मोकळी केली तर गावात आधी कोणाकडे येईल? ज्याच्याकडे बागायत आहे, पैसा आहे, आमदाराशी ओळख आहे, त्याच्याकडे. बिहारमध्ये हे झालेलं आहे. जमीनदारांच्या रणवीर सेनेने १९९६ मध्ये बथानी टोला इथे २१ आणि १ डिसेंबर १९९७ ला लक्ष्मणपूर बाथे इथे ५८ माणसं मारली. मेलेल्यांत बायका होत्या, लेकरं होती. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बाथेच्या सगळ्या आरोपींना सोडून दिलं. जातीच्या समाजात बंदुका वाढल्या की त्यांचं तोंड कुठे वळतं, हे त्या गावांना विचारा.

आणि अमेरिका? तिथे शस्त्राचा हक्क संविधानात आहे, पण गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना शस्त्रबंदी करणारे कायदे केले. १९६७ मध्ये ब्लॅक पँथरवाले कॅलिफोर्नियात उघडपणे रायफली घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला लागले, तेव्हा तिथल्या सरकारने भराभर कायदा करून ते बंद केलं. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगनने. २०१६ मध्ये फिलांडो कॅस्टिल या काळ्या माणसाने परवान्याची बंदूक जवळ असल्याचं पोलिसाला स्वतःहून सांगितलं आणि त्यालाच गोळी लागली. कागदावरचा हक्क रंग बघून चालतो. इथे तो जात बघून चालेल.

आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये त्यांचं नाव घेतलं, बाणा घेतला, पण हाती घेतलं ते भाषण, कविता आणि मोर्चा. तेवढ्यानेही सत्ता हादरली होती.

कायद्यातलं शस्त्र वाचा

जे अनेक कार्यकर्त्यांनाही माहीत नाही ते आता सांगतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५, नियम ३. जिथे अत्याचार होण्याची भीती आहे असा भाग राज्य सरकारने हेरायचा. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रं सरकारी कोठारात जमा करून घ्यायची. बेकायदा शस्त्रं जप्त करायची. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यायचे.

म्हणजे आपल्या कायद्याने फक्त 'यांना बंदूक द्या' म्हटलेलं नाही. आधी 'त्यांची काढून घ्या' म्हटलं आहे. आपल्या जिल्ह्यात किती परवाने आहेत, अत्याचाराचे गुन्हे दाखल असलेल्यांपैकी किती जणांचे परवाने रद्द झाले, संवेदनशील गावांची यादी कधी केली, हे माहितीच्या अधिकारात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना विचारा. दक्षता समितीच्या बैठकीत मांडा. वलंगकर आणि कांबळे यांची परंपरा हीच आहे. रीलपेक्षा हा अर्ज जास्त घाव घालतो.

आणि आता त्या रील टाकणाऱ्या पोरांसाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्याने २१ वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. लग्नात, वरातीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पाटलाच्या पोरावर केस झाली तर वकील उभा राहतो आणि शेती असते. आपल्या पोरावर केस झाली तर पोलीस भरती जाते, सैन्य जातं, चारित्र्य पडताळणीत नाव अडकतं. ज्या गणवेशासाठी तीन पिढ्यांनी अर्ज केले, तो एका स्टेटसपायी घालवायचा का?

ज्याला नेमबाजीची खरी आवड आहे त्याच्यासाठी वाटा आहेत. एनसीसीत जा, तिथे रायफल हाताळायला मिळते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून शिकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेती झाली. हा खेळ महाग आहे. रायफल, जॅकेट, गोळ्या सगळंच महाग, आणि रेंज शहरात. मग आपली मागणी तीच असली पाहिजे: सरकारी रेंज तालुक्यापर्यंत आणा, मागासवर्गीय विद्यार्थ्यांना साहित्य द्या, समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या पोरापोरींना प्रशिक्षण द्या. पोरीही म्हणा, कारण शस्त्रबंदी त्यांच्यावर आपल्याच घरातून सुरू होते.

शेवटी तथागतांकडे येऊ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण काय सांगितलं आहे? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांविरुद्ध युद्ध पुकारणार होते. सिद्धार्थ शस्त्रविद्या शिकलेला क्षत्रिय होता, संघाचा सभासद होता. तो भर सभेत उभा राहिला, युद्धाला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेलं तरी मागे हटला नाही आणि त्याची शिक्षा म्हणून परिव्राजक झाला. लढता येत असूनही, शंभर लोक विरोधात असताना शस्त्राला नाही म्हणायची हिंमत, हा आपल्या धम्माचा वारसा आहे. आणि तोच बुद्ध न्यायासाठी बळ वापरावं लागलं तर ते नाकारत नाही, हेही बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' मध्ये स्पष्ट केलं आहे. फरक एवढाच की ते बळ न्यायाच्या ताब्यात असावं. रागाच्या नाही, जातीच्या नाही.

बंदुकीचा अभ्यास करा, नेमबाजी शिका, भरतीसाठी पहाटे चिखली रोडवर धावा. पण नियम ३ सुद्धा वाचा आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना पहिला अर्ज या महिन्यातच टाका.

जय भीम!